ड्युअल क्रेडिटच्या फॉर्मवर सही करण्याआधी : उत्तर टेक्ससमधल्या मराठी पालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे उभे असलेले एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "मॅडम, आमचे चिरंजीव तुमच्याच वर्गात ना? पहिल्या परीक्षेत काय दिवे लावलेत?" मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही." त्यांना वाटलं, हॉलमधल्या गोंगाटात मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच उत्तर दिलं. वहिनी मध्ये पडल्या, "अहो, घरचंच माणूस आहे, नंतर सांगतील निवांत." नंतरही मी सांगितलं नाही. तेव्हापासून ते कुटुंब माझ्याशी जरा बेतानंच बोलतं.

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट देणाऱ्या 'ड्युअल क्रेडिट'च्या वर्गांबद्दलचं हे पत्र बऱ्याच अंशी त्यांना आहे. पण अशी कुटुंबं आपल्या मंडळात एक नाही, त्यामुळे सगळ्यांनाच लिहिते.

माझी ओळख थोडक्यात. कऱ्हाडला ज्युनिअर कॉलेजात काही वर्षं गणित शिकवलं, लग्नानंतर इकडे आले, पुन्हा शिकले आणि आता इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, संख्याशास्त्र शिकवते. इथे मला 'अ‍ॅडजंट' म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत तासिका तत्त्वावर. सकाळी दोन दिवस एका हायस्कूलमध्ये, दोन दिवस दुसऱ्या हायस्कूलमध्ये, आणि एका संध्याकाळी कॉलेजनं भाड्यानं घेतलेल्या इमारतीत. माझी गाडी हेच माझं ऑफिस. डिकीत मार्कर, डस्टर, कॅल्क्युलेटरची पिशवी आणि शेंगदाण्याचे लाडू. कॉलेजचा मुख्य कॅम्पस मी महिन्यातून एखाद्या वेळी बघते.

आता मुद्दा. तुमची मुलं अकरावी-बारावीत, आजकाल नववी-दहावीतही, 'ड्युअल क्रेडिट'चे विषय घेतात. हायस्कूलच्या पदवीसाठी आणि कॉलेजच्या क्रेडिटसाठी एकच विषय एकदाच शिकायचा. २०१५ पर्यंत टेक्ससमध्ये किती विषय घेता येतील आणि कोणत्या इयत्तेपासून, यावर बंधनं होती. त्या वर्षीच्या कायद्यानं ती काढून टाकली आणि मग आपल्या लोकांचं सुरू झालं : "तुमच्या मुलीचे किती क्रेडिट झाले?" "चोवीस." "फक्त?" हे क्रेडिट कुठल्या खोलीत, कुणाच्या हाताखाली, कुठल्या वेळापत्रकात मिळाले, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की ते विचारा. आणि त्याचं उत्तर कळलं की मुलाला त्या वर्गात कॉलेजचा विद्यार्थी म्हणून बसू द्या, मग तो वर्ग त्याच्या हायस्कूलच्या कॅन्टीनशेजारी का भरत असेना.

आपल्याला हे खरं तर सहज समजायला हवं. महाराष्ट्रात अकरावी-बारावी कधी शाळेला जोडलेली असते, कधी सीनिअर कॉलेजला. अभ्यासक्रम तोच, बोर्ड तेच, परीक्षा तीच. पण शाळेला जोडलेल्या अकरावीत मुलं गणवेशात येतात आणि सर त्यांना ओळीनं उभं करतात, तर सीनिअर कॉलेजच्या इमारतीतली अकरावीची मुलं पहिल्या आठवड्यात कॅन्टीन कुठे आहे ते शोधून काढतात. इमारत माणसाला वळण लावते. कऱ्हाडला मी दोन्ही तऱ्हेची मुलं पाहिली आहेत.

गंमत म्हणजे अमेरिकेतलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज जन्मालाच हायस्कूलच्या इमारतीत आलं. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज या जातीचं देशातलं सगळ्यात जुनं. १९०१ साली जोलिएटच्या टाउनशिप हायस्कूलमध्ये सहा विद्यार्थ्यांवर ते सुरू झालं. हायस्कूल संपलेल्या मुलांनी गाव न सोडता विद्यापीठाची पहिली दोन वर्षं तिथेच करावीत, ही कल्पना. म्हणजे कॉलेज हायस्कूलमध्ये भरणं ही काही नवी टूम नाही. नवं आहे ते हे की आता मुलंही हायस्कूलचीच असतात.

तर कॉलेज आपले वर्ग बाहेर कसे भरवतं ते सांगते, कारण तुमच्या फॉर्मवर हे कुठेच लिहिलेलं नसतं. फॉर्मवर असतो फक्त विषयाचा क्रमांक. उदाहरणार्थ, मॅथ १३४२, म्हणजे माझा विषय. टेक्ससभरच्या कम्युनिटी कॉलेजांत हे क्रमांक सारखे आहेत; पहिला आकडा वर्ष सांगतो, दुसरा क्रेडिट. मुख्य कॅम्पसवर १३४२, भाड्याच्या सेंटरवर १३४२, हायस्कूलमध्येही १३४२. गुणपत्रकावर तिन्ही एकसारखे दिसतात. आत मात्र तीन वेगळी जगं असतात.

हायस्कूलमधल्या वर्गाचेही प्रकार आहेत. एकात माझ्यासारखी कॉलेजची शिक्षिका गाडी हाकत येते. दुसऱ्यात हायस्कूलचेच शिक्षक कॉलेजच्या वतीनं शिकवतात. त्यासाठी सर्वसाधारण मोजमाप असं की मास्टर्स हवी आणि त्या विषयातले निदान १८ ग्रॅज्युएट क्रेडिट हवेत. इथेच घोडं पेंड खातं. हायस्कूलच्या पुष्कळ शिक्षकांची मास्टर्स असते, पण ती शिक्षणशास्त्रातली; गणितातले १८ क्रेडिट असलेला माणूस मिळणं मुश्कील. इंग्रजी आणि इतिहासाला त्या मानानं मिळतो. म्हणून एकाच शाळेत इंग्रजीचा ड्युअल क्रेडिट वर्ग शाळेच्या जुन्या, मुलांना पहिल्या दिवसापासून ओळखणाऱ्या बाई घेतात आणि गणिताचा मी, जिला पार्किंगमध्ये कुठे उभं राहायचं तेही माहीत नसतं. तिसरा प्रकार ऑनलाइन. मुलं शाळेच्या तासाला एका खोलीत लॅपटॉप उघडून बसतात, शिकवणारा दुसऱ्या गावात, आणि खोलीत एक देखरेखीची व्यक्ती, जिला विषय येत असेलच असं नाही. तिघांचा क्रमांक तोच!

यातला कुठला चांगला, असं सरसकट सांगता येत नाही. शाळेच्या जुन्या बाई अनेकदा माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात, हे कबूल करते. पण तुमचं मूल यातल्या कुठल्या वर्गात जाणार, हे सही करण्याआधी तुम्हाला माहीत असावं.

माझी हायस्कूलमधली सकाळ कशी असते? पुढच्या दारात यंत्रावर लायसन्स स्कॅन करायचं, छातीवर पाहुण्याचं स्टिकर लावायचं. वर्षभर शिकवते, तरी रोज पाहुणीच. खोली दुसऱ्या कुणाची तरी असते, भिंतीवर त्यांचे तक्ते, फळ्यावर 'पुसू नये'. होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक फुटबॉल-उत्सवाच्या आठवड्यात मुली गळ्यात हे एवढे शेवंतीच्या फुलाचे, रिबिनींचे 'मम' घालून येतात, त्यांना बारीक घुंगरं असतात. मी मध्यमान आणि मध्यगा समजावत असते आणि वर्ग छुमछुम वाजत असतो. मला ते आवडतं, खरं सांगते. शुक्रवारी पेप रॅली, म्हणजे शाळेच्या संघाला चेव आणायचा जल्लोष, असली की तास वीस-पंचवीस मिनिटांनी आखडतो. मग राज्याच्या परीक्षांचे दिवस, फायर ड्रिल. शाळेच्या दृष्टीनं हे सगळं रास्त आहे. पण ३ क्रेडिटच्या वर्गाला सत्रात ४५ ते ४८ तास भरावे लागतात, आणि ते भरून काढायची जबाबदारी माझी.

मोबाइलची तर वेगळीच कथा. २०२५ च्या कायद्यानं टेक्ससच्या सरकारी शाळांत मुलांच्या मोबाइलवर शाळेच्या वेळेत बंदी आली. फार चांगलं झालं, मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पण कॉलेजच्या प्रणालीत लॉगिन करायचं तर पासवर्डनंतर मोबाइलवर कोड येतो. मोबाइल लॉकरमध्ये. पहिल्या आठवड्यात बावीस मुलं पडद्याकडे बघत बसलेली, मीही त्यांच्याकडे बघत. कॉलेज म्हणतं सुरक्षेचा प्रश्न, शाळा म्हणते कायदा. दोघांचं बरोबर. शेवटी मी धडे कागदावर छापून नेऊ लागले, कऱ्हाडला सायक्लोस्टाइल करायचो तसे. दोन संस्थांनी एक वर्ग चालवायचा म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात नीट कळलं.

वेळापत्रकाचंही असंच. हायस्कूल ऑगस्टच्या मध्याच्या आसपास सुरू होतं, कॉलेजचं सत्र ऑगस्टअखेरीस. मधल्या दिवसांत त्या तासाला मुलं लायब्ररीत बसवतात. वसंतातल्या सुट्ट्या दरवेळी जुळतातच असं नाही. हायस्कूलला एकाआड एक येणारे 'ए दिवस-बी दिवस' असतात, कॉलेजला सोमवार-बुधवार. हे जुळवण्याचं काम आदल्या हिवाळ्यापासून चालतं : शाळेच्या काउन्सेलरनं किती मुलं बसतील ते सांगायचं, कॉलेजनं तेवढ्यांसाठी सेक्शन, म्हणजे त्या विषयाचा एक वर्ग, उघडायचा, शिक्षक शोधायचा, खोली ठरवायची. पुरेशी मुलं झाली नाहीत तर सेक्शन रद्द, आणि माझा तासही रद्द.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ते. बारावा दिवस.

सोळा आठवड्यांच्या सत्रात बारावा शिकवण्याचा दिवस हा विद्यार्थ्यांच्या मोजणीचा दिवस. त्याआधी विषय सोडला तर कॉलेजच्या गुणपत्रकावर त्याची खूणही राहत नाही. त्यानंतर सोडला तर 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, लागतो आणि तो कायमचा. सोडलाच नाही आणि नापास झालं तर 'एफ', तोही कायमचा. फॉल सत्रात हा दिवस सप्टेंबरच्या पूर्वार्धात, बहुतेकदा गणपतीच्या आगेमागे येतो. आपण तेव्हा मोदकांच्या साच्यात आणि ढोल-ताशाच्या सरावात असतो.

मुख्य कॅम्पसवरच्या मुलाला विषय सोडायचा तर तो एका खिडकीवर जातो किंवा ऑनलाइन सोडतो. हायस्कूलमधल्या मुलाला दोन दारं ठोठवावी लागतात. शाळेच्या काउन्सेलरची परवानगी लागते, कारण तो तास सुटला की त्याला बसवायचं कुठे हा प्रश्न. मग कॉलेजचा फॉर्म, मग पालकांची सही. एका सत्रात एक मुलगी नवव्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, झेपत नाही. मी म्हटलं, आजच काउन्सेलरकडे जा. काउन्सेलर त्या दिवशी परीक्षेच्या कामात, दुसऱ्या दिवशी भेटली, म्हणाली आईबाबांशी बोल. आईबाबा म्हणाले, "सोडायचं नाही, चिकाटी हवी." बारावा दिवस उलटला. ऑक्टोबरात तिनं विषय सोडला तेव्हा डब्ल्यू लागला. आईबाबा नंतर मला भेटायला आले, आणि मी त्यांच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलू शकले नाही.

का नाही, ते आता सांगते. १९७४ चा एक केंद्रीय कायदा आहे, सगळे त्याला 'फर्पा' म्हणतात. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या शाळेतल्या नोंदींवर हक्क पालकांचा. मूल कॉलेजमध्ये दाखल झालं की कॉलेजमधल्या नोंदींचा हक्क मुलाचा, मग ते पंधरा वर्षांचं का असेना आणि वर्ग हायस्कूलच्या जिमखान्याला लागून का भरेना. मूल कराच्या हिशेबात तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं, पण ते द्यायला बांधील नाही, आणि ते काम कार्यालयाचं, माझं नव्हे. मुलानं लेखी परवानगी दिली तर मार्ग आहे. शाळेकडे ज्या नोंदी पोचतात त्या शाळेकडून बघता येतात. पण महाप्रसादाच्या रांगेत मी तोंड उघडणं यात कुठेही बसत नाही. दादा, हे तुम्हाला. मला आठ दिवस वाईट वाटलं, पण उत्तर तेच आहे.

आणि या अडचणीत मला थोडं भलंही दिसतं. मार्क विचारायचे तर मुलालाच विचारावे लागतात. मुलानंच मला ईमेल लिहावी लागते. तुमच्यापैकी काहीजण मुलाच्या अकाउंटवरून मला ईमेल लिहितात, ते कळतं हो. सोळा वर्षांचा पोर "काइंडली डू द नीडफुल" असं लिहीत नाही.

या गुणपत्रकाचं आयुष्य किती मोठं ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्यातल्या निम्म्या घरांत एक तरी भावी डॉक्टर आहे, म्हणून सांगते : मेडिकल स्कूलच्या अर्जात, टेक्ससच्या स्वतंत्र अर्जप्रणालीतसुद्धा, आजवर घेतलेला प्रत्येक कॉलेज विषय दाखवावा लागतो. दहावीत घेतलेलाही. तो सरासरीत धरला जातो. हायस्कूलमधल्या 'बी'वर पडदा पडतो. ड्युअल क्रेडिटमधला 'सी' बावीस-तेविसाव्या वर्षी पुन्हा समोर येऊन उभा राहतो. आर्थिक मदत देतानाही कॉलेज घेतलेले आणि पूर्ण केलेले क्रेडिट मोजतात, त्यात हे येतात.

दुसरं, क्रेडिट चालतात कुठे? टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत ४२ क्रेडिटचा समान 'कोअर', म्हणजे पायाभूत विषयांचा संच, आहे, त्यातले विषय सहसा सुखानं जातात. पण नामवंत खासगी विद्यापीठांपैकी अनेक जण थेट विचारतात की वर्ग कुठे भरला, कॉलेजच्या कॅम्पसवर की हायस्कूलमध्ये, आणि हायस्कूलच्या पदवीसाठी तो मोजला गेला का. उत्तर 'हायस्कूल' आलं की क्रेडिट देत नाहीत. म्हणजे ज्या जागेबद्दल आपण सही करताना विचारत नाही, त्याच जागेबद्दल दोन वर्षांनी प्रवेशाच्या वेळी आपल्याला विचारतात. मूल हुशार आहे आणि बाहेर जाणार आहे, म्हणून दहा विषय उरकून घ्यायचे, यात मला तरी फारसा अर्थ दिसत नाही. शाळेतल्या रँकचं म्हणाल, तर एपीला (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे विषय) किती वजन आणि ड्युअल क्रेडिटला किती, हे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, वेगळं असतं. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीचं गणित आपल्याला लागू नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्या मुलाला गाडी चालवता येते, त्यानं पहिला विषय शाळेत नव्हे, कॉलेजच्या सेंटरवर संध्याकाळी घ्यावा. माझ्या संध्याकाळच्या वर्गात रात्रपाळीला जाणाऱ्या नर्स असतात, दोन मुलांची आई असते, ट्रक चालवून थकलेला एक चाळिशीचा माणूस असायचा, जो प्रमाण विचलनावर माझ्याशी वाद घालायचा. त्यांच्या शेजारी सोळा वर्षांचं पोर बसलं की तीन आठवड्यांत त्याची पाठ सरळ होते. कुणी सांगावं लागत नाही. मी लहान असताना आमच्या वडिलांनी मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आमच्या घरी पुस्तकं आली ती त्यानंतर काही वर्षांनी. रविवारी दुसऱ्याच कॉलेजच्या खोल्यांत अभ्यासकेंद्र भरायचं. एसटीतले कंडक्टर, अंगणवाडीच्या ताई, आणि वडील. बाक छोटे, गुडघे अडकायचे. त्या इमारतीत कुणीच 'आतलं' नव्हतं, म्हणून सगळे नीट शिकायचे, असं मला आता वाटतं.

अर्थात ज्या घरी दुसरी गाडी नाही, आई-बाबा दोघंही पाळीवर, त्या घरातल्या मुलाला कॉलेज त्याच्या शाळेत चालत येतं ही फार मोठी गोष्ट आहे. तो वर्ग बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पैशाचंही सांगते, कारण हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. २०२३ च्या कायद्यानं 'फास्ट' नावाची योजना आली. ज्या मुलाला मागच्या चार शालेय वर्षांत कधीही मोफत किंवा सवलतीच्या जेवणाची पात्रता होती, त्याला योजनेत असलेल्या कॉलेजात ड्युअल क्रेडिट विनाशुल्क. लेऑफचा तडाखा आपल्याकडच्या कैक घरांना बसला आहे. पात्र असाल तर फॉर्म भरा. लाज कसली त्यात.

ज्यांच्या मुलांना शाळेत 'आयईपी', म्हणजे विशेष गरजांसाठीची वैयक्तिक शिक्षण योजना, आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : कॉलेजच्या विषयाला ती योजना आपोआप लागू होत नाही. जास्तीचा वेळ हवा असेल तर मुलानं कॉलेजच्या कार्यालयात स्वतः मागावा लागतो. मला ते पत्र मिळेपर्यंत मी वेळ वाढवू शकत नाही, कितीही वाटलं तरी.

हे सगळं कुठे शोधायचं? कॉलेज आणि स्कूल डिस्ट्रिक्टमधला करारनामा दरवर्षी दोघांच्याही वेबसाइटवर ठेवणं टेक्ससच्या कायद्यानं बंधनकारक आहे. मुलांना सल्ला द्यायला निदान एक कर्मचारी नेमलेला असावा लागतो. त्या माणसाला शोधून काढा आणि विचारा : हा सेक्शन कुठे भरणार, कोण शिकवणार, तो शाळेचा की कॉलेजचा, बारावा दिवस कुठल्या तारखेला आणि त्या दिवशी सोडायचं तर कुणाची सही लागते. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या सभेत बोलायला नाव द्या. तुम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरता, त्यातला वाटा या कॉलेजला जातो, आणि विश्वस्त तुमच्या मतांवर निवडून येतात. ज्यांना अजून मत नाही, त्यांनाही सभेत प्रश्न विचारायला कुणी अडवत नाही.

येत्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मी मागच्या खोलीत तासभर थांबणार आहे. आपल्या भागातल्या तीन डिस्ट्रिक्टचे करारनामे छापून आणते. मुलांना बरोबर आणा, आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. चहा मी करते, खारी कुणीतरी आणा.

आपली,
संख्याशास्त्राची तासिका तत्त्वावरची बाई